फाट्यावरचा मुंजा

उमरखेडला मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि फावल्या वेळात मानपत्रं लिहीत होते. हे दुसरं काम मी मागून घेतलेलं नव्हतं. एकदा निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापकांसाठी लिहिलं, ते लोकांना आवडलं, आणि मग तालुक्यात कुणाचाही सत्कार निघाला की एक माणूस शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. पतसंस्थेचे संचालक, हजहून परतलेले व्यापारी, पंच्याहत्तरी गाठलेले आजोबा, सगळ्यांना मी मृदुभाषी, निगर्वी आणि कर्तव्यतत्पर करून सोडलं. विशेषणांचा माझ्याकडे ठरावीक साठा होता आणि तो कधी संपला नाही, कारण दोन सत्कारांना जाणारे लोक एकच असले तरी मानपत्र कुणीच ऐकत नसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. रस्त्यावर पांढऱ्या गाड्या फार दिसायच्या. पाहणी करणारे यायचे, वर्तमानपत्रवाले यायचे, त्यांच्या मागोमाग मंत्री यायचे. एखाद्या घरापुढे थांबायचे, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचा फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत यवतमाळच्या विश्रामगृहात परतायचे. गावंही सरावली होती. गाडी थांबली की कुणी न सांगता बाज अंगणात यायची.

अशात ढाणकीकडच्या एका गावची स्मारक समिती माझ्याकडे आली. बांगलादेशच्या लढाईत त्या गावचा एक जवान गेला होता, त्याचं स्मारक करायचं ठरलं होतं. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही ते आत्ताच कसं सुचलं, असं मी विचारलं. समितीचे अध्यक्ष रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार होते. त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"मॅडम, मंत्रीसाहेब दौऱ्यावर येऊन राह्यले. दिवसभर तेच ते रडणं. लोकं अंगावर धावतात. वरून विचारणा झाली, का बाबा, तुमच्याकडे एखादा चांगला कार्यक्रम आहे का? आता चांगलं म्हणजे आमच्याकडे काय असणार? एवढा एक शहीद आहे."

"पण कार्यक्रम गावात आहे की फाट्यावर?"

"फाट्यावरच. गावात रस्ता खराब आहे न."

तो रस्ता त्यांनीच केलेला होता. मला जवानाचा जीवनपरिचय लिहून द्यायचा होता. दोन पानं, वाचायला जोरकस. माहिती काय आहे, म्हणून विचारलं तर त्यांनी सरकारी यादीतलं नाव सांगितलं आणि म्हणाले, "बाकी तुमी घाला."

ते नाव मी इथं लिहीत नाही. कारण पुढे येईल.

बाकीचं आपल्या मनानं घालण्याची मला सवय होती, पण ते जिवंत माणसांच्या बाबतीत. मेलेला माणूस मानपत्र खोडून काढू शकत नाही, म्हणून तिथं जरा चौकशी करावी असं वाटलं. रविवारी बसनं फाट्यावर उतरले आणि चालत गावात गेले. त्याचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेत दुसऱ्याकडे, घराच्या जागेवर पिठाची गिरणी. शाळेत त्याच्याबरोबर असलेले एक गृहस्थ पारावर भेटले. बराच वेळ आठवून म्हणाले, "थो? लय भित्रा होता. म्हशीले भ्यायचा. म्हैस आली का आमच्या मागं लपे."

आणखी काही आठवतं का?

"नाई. लपलेला मानूस काय आठवते, बाई?"

सैन्यात तो गेला तेही चुकून. भरतीला निघाला होता त्याचा मित्र. सोबत म्हणून हा यवतमाळला गेला. मित्र छातीत कमी पडला आणि रांगेत उगाच उभा असलेला हा पास झाला. मित्र परत आला, शेती केली, आता तोही नाही.

त्याची धाकटी बहीण गावातच दिलेली होती. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ बाई. मी गेले तेव्हा दारात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या मोडून सरपण रचत होती. माझ्या हातातली वही पाहून तिनं काडी खाली ठेवली.

"कोन्त्या मेलेल्यासाठी आल्या, बाई? आमच्या घरी नाई कोनी. तिकडे शाळेमागं जा, तिकडे दोन हाय."

मी म्हटलं, तुमच्या भावासाठी आले. लढाईत गेलेल्या.

ती मग म्हणाली, "त्याच्यासाठी कोनी येते का?" आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

तिनं जे सांगितलं ते मी उतरवून घेतलं, पण त्यातलं भाषणात घालण्यासारखं फार थोडं होतं. त्याला आंबाडीची भाजी आवडायची. सुटीवर आला की तिकडे गव्हाच्या पोळ्या खाऊन तोंडाची चव गेली म्हणायचा. दोनदाच आला. दुसऱ्यांदा परत जाताना फाट्यावर बसची वाट पाहत पिंपळाखाली बसला होता, आई आणि ती सोडायला गेल्या होत्या. बस आली तेव्हा त्याचं आईच्या पाया पडायचं राहिलं, गडबडीत चढला. नंतर तार आली. दहन तिकडेच झालं होतं. काही महिन्यांनी काळी पत्र्याची पेटी आली. तिच्यात कपडे, घोंगडी, चहाचा मग आणि दाढीचं सामान होतं. "दाढीचं काहून पाठोलं काय मालूम," ती म्हणाली, "त्याले दाढीच नोती आलेली."

फोटो?

"नाई."

मी वही मिटायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "स्मारक कुठं करून राह्यले?"

"फाट्यावर. पिंपळाजवळ."

ती उठूनच उभी राहिली. "मंग त्याले हालवतीन का?"

कुणाला, ते मला कळेना. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चाला." आम्ही दोघी परत फाट्यावर आलो.

त्या पिंपळाखाली मुंजा होता. तो मी येता-जाता कित्येकदा पाहिलेला होता. हातभर उंचीचा दगडामातीचा ओटा, त्यावर शेंदूर चोपडून चोपडून गोळा झालेला एक दगड. लग्नाआधी गेलेल्या पोराचा जीव घराभोवती घुटमळत राहू नये म्हणून त्याला असं झाडाखाली बसवतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. अमुक दगड कुणाचा, हे मात्र दोन पिढ्यांत कुणालाच माहीत राहत नाही. या मुंजाला ट्रकवाले मानायचे. ट्रक उभा करून नारळ फोडायचे, एसटीचे ड्रायव्हर वेग कमी करून कपाळाला हात लावायचे. तो फार जुना, निजामाच्या वेळचा आहे, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते मान्यही केलं होतं.

"हा थो," ती म्हणाली.

तार आल्यानंतरच्या वर्षी आई आजारी पडली. भगतानं सांगितलं, पोराचं लग्न झालं नव्हतं, तिकडे परक्या मुलखात जळाला, त्याला घर सापडत नाही. बसवा. आईनं नाल्यातून दगड आणला आणि घराजवळ न बसवता इथं बसवला, जिथून तो बसमध्ये चढला होता तिथं. भगतानं एक अट घातली होती. बसवल्यावर नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो उठून घरी यायला बघतो. म्हणून आईनं मरेपर्यंत नाव घेतलं नाही. बहिणीनंही नाही. बोलतानाही ती 'थो' म्हणायची, नाहीतर 'फाट्यावरचा'. घरातल्यांनी नाव टाकलं म्हणून गावही विसरलं. शेंदूर मात्र चढत गेला.

"माह्यं काई म्हननं नाई, बाई. त्याहिले काय करायचं थे करू द्या. मी येतो, बसतो खुर्चीवर. पन याले हालवू नका. हालवला तं थो कुठं जाईन?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी वर्गात श्रद्धा-अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेत असे आणि त्याला गुणही देत असे. पण त्या माणसाचं या जगात दुसरं काही शिल्लक नव्हतं, एवढं मला दिसत होतं. शेत नाही, घर नाही, फोटो नाही. होता तो एक दगड, आणि तो कुणाचा हे माहीत असलेली एक बाई. मी तिला म्हटलं, मी बोलते अध्यक्षांशी.

त्याआधी उमरखेडला आल्यावर बसस्थानकामागच्या गॅरेजमध्ये गेले. तिथले म्हातारे मिस्त्री सैन्यात ड्रायव्हर होते आणि त्याच्याच कंपनीत होते, हे तिनंच सांगितलं होतं. कंपनी म्हणजे रसद नेणाऱ्या ट्रकांची. मिस्त्री एका जीपखाली होते, तिथूनच बोलले.

"वो? वो तो बच्चा था, मॅडम. आम्ही त्याले चिकना म्हणायचो. मिशी नव्हती न."

"गेला कसा?"

"अंधारात. लढाईत दिवे लावायचे नाई, पूर्ण रात्र बिनदिव्याची गाडी हाकायची. धुकं असं, का बोनेट दिसत नाई. त्याची गाडी कालव्यात गेली. गाडीत तेलाचे डबे अन् पीठ होतं." ते बाहेर सरकले, हात पुसले. "गोळी नाई, बम नाई. पीठ. लिहिसान का तुमी असं?"

"लिहायला काय हरकत आहे?"

"लिहा लिहा," ते हसले. "अध्यक्ष वाचू देतीन का थे पाहा."

अध्यक्षांनी ते वाचलं आणि लाल पेन घेतलं. मास्तरकी माझी, लाल पेन त्यांचं. 'म्हशीला भ्यायचा' याच्या जागी 'लहानपणापासून निर्भीड' आलं. कालवा गेला आणि शत्रूचा रणगाडा आला. पीठ आणि तेल या दोन शब्दांवर त्यांनी इतक्या रेघा मारल्या की कागद फाटला.

"मॅडम, मंत्रीसाहेब काय पिठाले सलामी देतीन?"

मी रणगाड्यावर फार वाद घातला नाही. मला दुसरी गोष्ट हवी होती. मुंजाची हकीकत मी त्यांना पहिल्यापासून सांगितली. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "पण मॅडम, मुंजा तं लय जुना आहे. निजामाच्या टायमाचा."

"नाही. ह्याच जवानाचा आहे. त्याच्या आईनं बसवला. तुम्ही ज्याचं स्मारक करताय तो आधीच तिथं आहे."

"असंनही. पण सरकारी कार्यक्रमात असली अंधश्रद्धा बरी नाई दिसत. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं..." त्यांच्या जीपच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते जरा नरमले. "बरं. चौथरा चार हात मागं घेतो. मुंजाले धक्का नाई. शब्द देतो."

तो शब्द मी पुढच्या रविवारी गावात जाऊन बहिणीला पोचवला. ती म्हणाली, "तुमी म्हंता तं झालं."

चौथऱ्याचा खड्डा खरोखर चार हात मागे खणला गेला. मी बसमधून पाहिला. पुतळा अमरावतीला तयार होत होता. फोटो नव्हता म्हणून कारागिरानं अध्यक्षांच्या पुतण्याला समोर बसवलं होतं, असं नंतर कळलं. सगळं ठीक चाललं होतं, आणि मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बंदोबस्ताचे अधिकारी जागा पाहून गेले. मंत्र्यांच्या गाडीला वळायला जागा कमी पडत होती. ओटा मध्ये येत होता.

यापुढचं मला कार्यक्रम झाल्यावर मिस्त्रींनी सांगितलं, कारण जेसीबी त्यांच्या गॅरेजसमोरूनच गेला. गेला आणि परत आला. ऑपरेटर ढाणकीचा पोरगा होता. त्यानं ओट्यापुढे मशीन उभं केलं, खाली उतरून नारळ फोडला, पाया पडला आणि म्हणाला, हे मी करणार नाही. अध्यक्षांनी शिव्या घातल्या, दुप्पट मजुरी देतो म्हटलं. पोरानं मशीन परत नेलं. उमरखेडचाच दुसरा बोलावला, त्यानं जागा कोणती ते ऐकून फोनच ठेवला. शेवटी रस्त्याच्या दुसऱ्या कामावरून एक परप्रांतीय ऑपरेटर आणला. त्याला मुंजा म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि कुणी त्याला सांगितलंही नाही. त्यानं एका दमात ओटा उचलला आणि समोर चौथऱ्याच्या पुढच्या बाजूचा खड्डा भरायचा बाकी होता, त्यात टाकला. वरून मुरूम, वरून सिमेंट.

कार्यक्रमाला मला व्यासपीठावर शेवटची खुर्ची होती आणि बहिणीला माझ्याशेजारची. ती नवं लुगडं नेसून आली होती. मंडपाच्या बाजूनं आणल्यामुळे तिला पिंपळ दिसला नव्हता. मंत्री आले, उशिरा, पण आले. जीवनपरिचय वाचायला निवेदक होता. रणगाड्यापाशी त्याचा आवाज इतका चढला की माइक शिटी मारू लागला. मग त्यानं मूठ उंचावून जवानाचं नाव घेतलं आणि लोकांनी 'अमर रहे' म्हटलं. पुन्हा नाव, पुन्हा अमर रहे. ते नाव तिनं तिच्या लग्नाच्याही आधीपासून ऐकलेलं नव्हतं. तिनं पदर ओढून दोन्ही कान झाकले. खाली बसलेल्या वार्ताहराला वाटलं बाई रडते आहे. त्यानं फोटो काढला आणि तो छापूनही आला.

पडदा दूर झाला. पुतळ्याला दोन बोटं रुंद मिशी होती.

"हा कोन?" तिनं मला विचारलं.

शाल, श्रीफळ, टाळ्या. गाड्या गेल्या. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालू लागले तेव्हा ती नारळ घेऊन मंडपाला वळसा घालून पिंपळाकडे गेली. मी मागून गेले. झाडाखाली सपाट मुरूम होता, त्यावर टायरच्या खुणा. तिनं आधी झाडाच्या मागे जाऊन पाहिलं. मग रस्त्याच्या कडेच्या ढिगाऱ्यात. मग परत झाडाखाली येऊन उभी राहिली.

अध्यक्ष कार्यकर्त्यांना चहा पाजत होते. मी विचारलं, दगड कुठं आहे? त्यांनी इकडेतिकडे पाहून मला बाजूला घेतलं आणि खड्ड्याचं सांगितलं. तोंडावरून त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि मग लगेच काहीतरी सुचल्यासारखं झालं. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "मावशी, उलट चांगलंच झालं न. तुमचा भाऊ स्मारकाच्या खालीच आहे. आता कोनी हालवू शकत नाई त्याले."

तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "तुमी म्हनलं होतं, बाई." एवढंच. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

नंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा गेले. स्मारकाभोवती आता चौथऱ्याच्या काठावर लोखंडी कठडा होता आणि कठड्याच्या दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे, दार पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला उघडायचं. ती मला तिथंच भेटली. मी म्हटलं, मावशी, आपण नाल्यातून दुसरा दगड आणू. पिंपळाच्या पलीकडे बसवू, मी सोबत येते.

"आनून कोनाले बसवू? थो तं इथं दबला."

मग तिनं कोनशिलेकडे बोट केलं. "इथं काय लिवलं हाय? त्याचं नाव वाचू नका. बाकीचं वाचा."

मी वाचलं. वर मंत्र्यांचं नाव, मोठ्या अक्षरात. त्याखाली अध्यक्षांचं, मग उपाध्यक्ष, सचिव, सरपंच. एक नाव मी गाळलं, ते खालून दुसरं होतं. तिनं ओटीतून तेलात कालवलेल्या शेंदराची डबी काढली, बोट बुडवलं आणि कठड्याच्या गजांमधून हात आत घातला. तिचा हात कोपरापर्यंतच गेला. बोट जेमतेम शिलेच्या वरच्या काठाला पोचत होतं. मंत्र्यांच्या नावापाशी ती थांबली.

"नको," हात मागे घेत ती म्हणाली. "याले लावलं तं हा बसंन इथं."

मला हसू आलं. तीही हसली, फार थोडं. मग ती खाली बसली आणि चौथऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला, अगदी जमिनीलगत, तिनं बोट पुसलं. पांढऱ्या चुन्यावर केशरी ठिपका. त्यावर पाणी सोडलं, आंबाडीची भाजी आणि भाकरीचा तुकडा ठेवला, आणि कुणाचंही नाव न घेता निघाली.

त्या भिंतीला वर्षातून दोनदा चुना मारतात. ठिपका जातो. पुढच्या अमावस्येला ती परत लावते. हे काही वर्षं चाललंय. स्मारक आता उखडायला लागलंय, पुतळ्याच्या मिशीचा एक भाग पडलाय, आणि तिचे गुडघे धरलेत. गावापासून फाट्यापर्यंत यायला तिला अर्धी दुपार लागते. तिच्यामागे हा ठिपका कुणी लावणार नाही हे तिलाही माहीत आहे. तिच्या मुलाला मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, मामा युद्धात रणगाड्यावर गेले ना, मॅडम. भाषणात होतं.

मागच्या महिन्यात अध्यक्षांचा फोन आला. पुन्हा कुणीतरी येणार आहे, स्मारकाची रंगरंगोटी चालली आहे. "मॅडम, ती म्हातारी तुमच्या ओळखीची आहे. दर वेळी शेंदूर लावून भिंत खराब करते. ऑइलपेंट देऊन राह्यलो आता, डाग निघत नाई त्याच्यावरचा. जरा समजावून सांगा तिले, तुमचं ऐकते ते."

सांगते, म्हटलं. अजून माझं तिकडे जाणं झालेलं नाही.